सूर टिकत नाही

या गावाचं नावच सूर.
इथे नोकरी लागली तेव्हा बहीण म्हणाली,
तुझ्यासारख्या बेसुराला बरं घेतलं.

आज सकाळपासून दुकानातला कॉम्प्युटर
सुरू होतो आणि टिकत नाही.
बटण दाबलं की हिरवा दिवा,
पंखा घुमतो,
एक, दोन, तीन, चार,
खट्.
काळ्या पडद्यात माझाच चेहरा.

आत तीन वर्षांची उधारी आहे.
कुणी किती वाव जाळं नेलं,
कुणाचं इंजिन अजून फिटायचंय,
कुणाचं नुसतं 'सुरमई लागली की देतो'.
मस्कतचा माणूस रविवारी येतो म्हणाला.
आज बुधवार.

म्हणून टेबलावर फाटक्या जाळ्याचा तुकडा अंथरला
आणि त्याला आडवा केला.
मोतालेबने टॉर्च धरला,
बोटीखाली शिरलेल्या माणसाला धरतात तसा.

आत आठ वर्षांची वाळू,
पिठासारखी, पात्यापात्यावर.
स्क्रूंना खाऱ्या वाऱ्याचा गंज.
ब्रश फिरवला. फुंकर मारली नाही,
फुंकरीत ओल असते,
हे गुहागरात रेडिओ दुरुस्त करणारे दत्ताराम शिगवण
माझ्या हातावर फटका मारून सांगायचे.
चार. खट्.

मेमरीची पट्टी काढून
खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले.
चार. खट्.

नाण्याएवढा सेल उपसून पाच मिनिटं थांबलो,
म्हटलं, सगळं विसरू दे, दुखणंही.
तारीख विसरला असेल.
दुखणं नाही.

मग पॉवर सप्लाय सोडवला,
हिरवी तार काळीला वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडली.
तो एकटा फिरत राहिला, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं,
बिनतक्रार.
सकाळपासून मी त्यालाच शिव्या घालत होतो.

मोतालेब म्हणाला, दादा, दर वेळी चारच का?

चारच का.
तापलेलं यंत्र कधी तिसाला जातं, कधी नव्वदला.
असं घड्याळ लावून कुणी मरत नाही.
नेमके चार सेकंद म्हणजे
कुणीतरी बटणावर बोट धरून बसलंय.

पुढचं झाकण काढलं.
बटण दाबलं, सोडलं.
ते वर आलं नाही.
मग आलं, पण पाकात पडलेल्या मुंगीसारखं,
एकेक पाय सोडवत.
कडेने तपकिरी चकाकी.
वास घेतला:
खजूर.

रोज सकाळी साडेआठला अर्बाब खल्फान येतात,
डाव्या हातात कहवा, गालात खजूर,
बिस्मिल्ला म्हणून स्वतःच्या अंगठ्याने
मशीन सुरू करतात.
ते काम दुसऱ्या कुणाला नाही.
आठ वर्षं. सुट्या वगळून
अडीच हजार अंगठे.

'चालू हो' म्हणणारा अंगठा उठून गेला,
त्याचा दाब मागे राहिला,
आणि इतका वेळ दाबून धरण्याचा अर्थ
यंत्राच्या भाषेत 'बंद हो'.
बिचारं दोन्ही हुकूम पाळत होतं.

बटणाच्या दोन तारा बोर्डावरून उपटल्या,
पेचकसाचं टोक दोन्ही पिनांना क्षणभर टेकवलं.
एक, दोन, तीन, चार,
पाच,
आणि पुढे मोजायचं राहून गेलं,
कारण एक बारीकसा 'टीं' झाला.
बहिणीला ऐकवायला हवा होता.

कोमट पाणी, कापूस, थोडं स्पिरिट.
बटण टकटकीत झालं. तारा परत जागेवर.

असरच्या नमाजानंतर अर्बाब आले.
काय होतं?
धूळ, मी म्हणालो.
धूळ, त्यांनी मान हलवली
आणि दाराबाहेर, ती जिथून येते त्या बाजूला
रागाने पाहिलं.
मोतालेब टॉर्चचे सेल काढण्यात फारच गुंतला होता.

उद्यापासून खजुराच्या वाटीशेजारी
टिश्यूचा डबा ठेवायचा,
अंगठ्याच्या वाटेवर येईल असा.
खर्चात लिहिलंय:
कॉम्प्युटर दुरुस्ती, तीनशे बैसा.